एकाच परीक्षानळीत हजारो प्रतिपिंडांची परीक्षा

कुत्रा चावून खोल जखम झाली, रक्त आले, की दवाखान्यात दोन निरनिराळी औषधे टोचली जातात. रुग्णाच्या लेखी दोन्ही 'कुत्र्याची इंजेक्शने'च. प्रत्यक्षात त्यांची कामे अगदी वेगळी आहेत. दंडात दिली जाते ती लस. ती शरीराला रेबीजच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला शिकवते. पण या शिकण्यात आठवडा ते दोन आठवडे जातात. तेवढ्या अवधीत विषाणू जखमेतल्या मज्जातंतूत शिरला, तर पुढे फारसे काही करता येत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचलेले रुग्ण जगाच्या वैद्यकीय इतिहासात अगदी मोजके आहेत. म्हणून दुसरे औषध जखमेतच, तिच्या कडांनी, सुईने भरले जाते. त्यात आयती प्रतिपिंडे असतात. लस काम करू लागेपर्यंत विषाणूला दारातच अडवून धरायचे, एवढेच त्यांचे काम. (या सगळ्याच्या आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. हे सर्वांना ठाऊक असते असे म्हणतात, पण हळद-चुना लावून आलेल्या जखमा अजूनही दिसतात.)

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीनुसार देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात. त्यामुळे या आयत्या प्रतिपिंडांचा दर्जा काय, ती मिळतात किती आणि केवढ्याला, हा केवळ प्रयोगशाळेतला प्रश्न नाही.

ही प्रतिपिंडे येतात कुठून? बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग यांनी १८९० साली घटसर्प आणि धनुर्वातावर रक्तद्रवाचा उपाय दाखवला, आणि त्यानंतर शतकभर या प्रश्नाचे मुख्य उत्तर घोडा हेच राहिले. घोड्याला थोडी थोडी लस किंवा विष टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढायचे आणि शुद्ध करायचे. या घोड्यांचे माणसावर मोठे उपकार आहेत. पण त्या द्रवातली बरीचशी प्रतिपिंडे रेबीजशी संबंध नसलेली असतात, ती माणसाच्या शरीराला परकी असतात, त्यामुळे कधी अंगावर पित्त उठते, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. शिवाय एका घोड्याचे रक्त दुसऱ्यासारखे नसते. माणसाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे सौम्य असतात, पण महाग आणि दुर्मीळ.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर यावर एक वेगळे उत्तर शोधले. मानवी प्रतिपिंडांची जनुके घातलेल्या उंदरांपासून मिळालेले एकच, निवडक प्रतिपिंड पेशींच्या टाक्यांत वाढवायचे. 'रॅबिशील्ड' या नावाने ते मिळते. घोड्याच्या प्रतिपिंडांची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० एकक असते, याची ३.३३ एकक. झायडसच्या 'ट्विनरॅब'मध्ये अशी दोन प्रतिपिंडे एकत्र आहेत, विषाणूच्या दोन वेगळ्या जागी चिकटणारी.

दोन का? घोड्याच्या द्रवात शेकडो प्रकारची प्रतिपिंडे असतात. विषाणूने एका जागी रूप बदलले, तरी बाकीची त्याला दुसरीकडे पकडतात. निवडक प्रतिपिंडाची पकड मात्र एकाच जागेवर. ती जागा बदललेला विषाणू कुठल्या तरी गावातल्या कुत्र्यात असेल, तर? चावलेल्या जखमेकडे पाहून कोणत्याही डॉक्टरला हे सांगता येणार नाही. कोणता बदल झाला की औषध निकामी होईल, हे आधीच माहीत असायला हवे. आणि औषधात कोणता बदल केला की त्याची पकड सुधारेल, हेही. गेल्या पंधरा वर्षांत या दोन्ही प्रश्नांना एकाच पद्धतीने हात घातला गेला. ती पद्धत म्हणजे प्रथिनातला प्रत्येक शक्य बदल करून बघायचा, आणि हजारो बदलांचा परिणाम एकदमच मोजायचा.

ती समजून घ्यायला प्रतिपिंडाचा आकार डोळ्यांसमोर आणावा लागेल. तो मुलांच्या बेचकीसारखा असतो: एक मूठ आणि दोन फाटे. दोन्ही फाट्यांची टोके विषाणूला पकडतात. मूठ शरीरातल्या इतर यंत्रणांशी बोलते. प्रत्येक टोकाला प्रथिनाचे सहा लहान वळसे असतात आणि पकडीचे बहुतेक काम हे वळसेच करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. या सहा वळशांत मिळून सुमारे ६० मणी असतात असे धरू. एका जागचा मणी काढून तिथे उरलेल्या १९ पैकी कोणताही बसवता येतो. म्हणजे एकच मणी बदलायचा तर ६० गुणिले १९, १,१४० पर्याय. एकाच वेळी दोन मणी बदलायचे तर सुमारे ६ लाख ३९ हजार. तीन बदलायचे तर २३ कोटींच्या वर.

पूर्वी हे काम एकेक करून चाले. शास्त्रज्ञ अंदाजाने एक मणी बदलत, ते प्रथिन तयार करून शुद्ध करत, त्याची पकड मोजत, वहीत लिहीत आणि मग पुढचा. एका संशोधक विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे दहा-वीस बदलांत संपायची. त्यातही कोणते मणी बदलायचे हे अंदाजाने ठरलेले असल्याने, जिथे कोणी पाहिलेच नाही तिथला बदल कायमचा राहून जाई.

गंमत म्हणजे आपले शरीर हे काम घाऊक प्रमाणातच करत आले आहे. जखम पिकली की काखेत किंवा जांघेत अवधाण येते. त्या गाठीत नेमके हेच चाललेले असते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम चुका करतात, नेहमीच्या वेगाच्या सुमारे दहा लाख पटींनी. बहुतेक चुका वाया जातात. ज्या चुकीने पकड सुधारते, ती पेशी टिकते आणि वाढते. काही आठवड्यांत प्रतिपिंडे धारदार होतात. फक्त कोणती चूक का कामी आली, याची नोंद शरीर ठेवत नाही.

प्रयोगशाळेतल्या पद्धतीचे सगळे कौशल्य या नोंदीत आहे. पाव फुगवणारे साधे यीस्ट घेतात. त्याच्या प्रत्येक पेशीत प्रतिपिंडाच्या जनुकाचे एकेक बदललेले रूप घालतात. पेशी ते प्रतिपिंड तयार करून स्वतःच्या अंगावर बाहेरून मिरवते, त्याच्या हजारो प्रती. म्हणजे प्रत्येक पेशीच्या अंगावर तिचे प्रतिपिंड आणि पोटात त्याची जन्मपत्रिका. एका नळीत अशा कोट्यवधी पेशी मावतात. आता त्यात विषाणूचे प्रथिन सोडायचे, प्रकाश पडला की चमकणारा रंग लावून. ज्या पेशीची पकड चांगली, ती जास्त चमकेल. मग सगळ्या पेशी एका यंत्रातून सोडायच्या. हे यंत्र लेझरच्या उजेडात सेकंदाला हजारो पेशी एकेक करून तपासते आणि चमकेप्रमाणे वेगळ्या नळ्यांत टाकते. एचआयव्हीच्या रुग्णांच्या सीडी-४ पेशी मोजायला किंवा रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ओळखायला मोठ्या रुग्णालयांत जे यंत्र असते, त्याचेच हे भावंड. शेवटी प्रत्येक नळीतल्या पेशींचा डीएनए वाचायचा आणि कोणता बदल किती वेळा सापडला ते मोजायचे.

हे थेट मतमोजणीसारखे आहे. समजा, छाननीआधी एक बदल दहा लाखांत एक हजार वेळा दिसत होता आणि चमकदार पेशींत तो आठ हजार वेळा दिसला. त्या बदलाने पकड वाढवली. दुसरा बदल हजारावरून वीसवर आला. त्याने पकड घालवली. हाच हिशेब सगळ्या बदलांचा, एकाच आठवड्यात. हाती येतो तो पंचांगाच्या पानासारखा गच्च तक्ता. आडव्या ओळीत प्रथिनातली जागा, उभ्या ओळीत वीस अमिनो आम्ले आणि प्रत्येक घरात त्या बदलाची गुणसंख्या.

यातला कोणताही तुकडा एका दिवसात आला नाही. एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची युक्ती केंब्रिजमध्ये ग्योर्ग क्योहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधली. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूच्या अंगावर परके प्रथिन मिरवून दाखवले. ग्रेग विंटर यांनी ते प्रतिपिंडांसाठी वापरले आणि त्यातून संधिवातावरचे 'अडालिमुमॅब' हे औषध आले, २००२ मध्ये. या दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. डेन विट्रप यांच्या गटाने १९९७ मध्ये यीस्टची पद्धत दिली. पण तोपर्यंत चाळणी लावून वरचे चार दाणे उचलले जात, खाली काय पडले ते कोणी पाहत नसे. डीएनए वाचणे स्वस्त झाल्यावर, २०१० मध्ये सिएटलच्या डग्लस फाउलर आणि स्टॅन्ले फील्ड्स यांनी चाळणीच्या वरचे आणि खालचे सगळेच मोजायला सुरुवात केली. अपयशी बदलांची मोजदाद हीच या पद्धतीतली खरी नवी गोष्ट. कुठे हात लावू नये, हे त्याशिवाय कळत नाही.

आणि कळते ते कधी कधी अनपेक्षित असते. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहामुळे फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या थोपवायला डोळ्यात इंजेक्शन देतात. ही औषधे व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला पकडतात. त्याच प्रथिनाला पकडणाऱ्या एका प्रतिपिंडाचा असा संपूर्ण तक्ता जेनेन्टेक कंपनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. पकड सुधारणारा एक बदल टोकाच्या वळशांत नव्हताच. तो पकडीच्या जागेपासून दूर, फाट्याच्या आतल्या बाजूला, ८३ व्या जागी सापडला. तिथला एक मोठा मणी लहान केला की फाट्याच्या दोन भागांची एकमेकांशी असलेली हालचाल बदलते आणि टोकाची पकड सुधारते. कोणीही अंदाजाने तिथे हात घातला नसता.

या पद्धतीची सार्वजनिक कसोटी लागली कोविडमध्ये. तिथे तक्ता उलट्या बाजूने मांडला गेला. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात जेसी ब्लूम यांच्या प्रयोगशाळेतील टायलर स्टार, ॲलिसन ग्रेनी आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या अंगावर प्रतिपिंड नव्हे, तर विषाणूच्याच काट्याचे टोक मिरवले. ज्या टोकाने विषाणू आपल्या पेशीला चिकटतो, ते २०१ अमिनो आम्लांचे. शक्य असलेले एकेरी बदल ३,८१९. त्यांपैकी ३,८०४ त्यांनी मोजले आणि सप्टेंबर २०२० मध्ये तक्ता प्रसिद्ध केला. कोणत्या बदलाने विषाणू लुळा पडतो आणि कोणत्या बदलाने तो आपल्या पेशीला आणखी घट्ट चिकटतो, हे त्यात होते. ५०१ व्या जागेचे काही बदल दुसऱ्या प्रकारचे निघाले. थोड्याच महिन्यांत ब्रिटनमध्ये पसरलेल्या अल्फा प्रकारात त्याच जागी बदल होता.

मग त्यांनी त्या पेशींमध्ये औषधी प्रतिपिंडे सोडली. आपल्या पेशीला चिकटण्याची ताकद शाबूत, पण प्रतिपिंड चिकटत नाही, अशी रूपे शोधली. घुसू शकणारा आणि तरी न सापडणारा चोर तो हाच. जानेवारी २०२१ मध्ये हे निष्कर्ष 'सायन्स'मध्ये आले. त्यात कॅसिरिव्हिमॅब आणि इम्डेव्हिमॅब या दोन प्रतिपिंडांच्या मिश्रणाचाही तक्ता होता. एकाला ४१७ व्या जागेतला बदल चुकवतो, दुसऱ्याला ४४६ च्या आसपासचा. शिवाय ४०६ व्या जागी असा एक बदल निघाला की तो एकटाच दोघांनाही चुकवतो. दोन प्रतिपिंडे घातली म्हणजे दुहेरी कुलूप झाले, हा भरवसा त्या एका घराने डळमळीत केला.

हेच मिश्रण मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, भारतात आणीबाणीच्या परवान्याखाली आले. रोश कंपनीचे औषध, वितरण सिप्लाचे. एका रुग्णाच्या मात्रेची किंमत ५९,७५० रुपये. लाट ओसरेपर्यंत 'कॉकटेल' हा शब्द घराघरांत पोचला होता आणि कर्ज काढून ते घेतलेली कुटुंबे कमी नव्हती. त्या वेळच्या विषाणूवर ते उपयोगी होते, हे नमूद करायलाच हवे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. त्याच्या काट्याच्या टोकात पंधरा बदल होते आणि त्यांत ४१७ आणि ४४६ या दोन्ही जागा होत्या. तक्ता प्रसिद्ध झाल्याला वर्ष होत असताना, २४ जानेवारी २०२२ रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या मिश्रणाचा वापर थांबवला.

तक्त्याने ओमायक्रॉनचे भाकीत केले होते, असे कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. कोणती खिडकी कच्ची आहे एवढे त्याने सांगितले होते. चोर कधी येईल, हे नव्हे. पण नवा प्रकार सापडल्यावर कोणते औषध चालेल आणि कोणते नाही याचा पहिला अंदाज आठवड्यांऐवजी तासांत बांधता आला, ही साधी गोष्ट नाही. निकामी औषध देत राहणे म्हणजे नुसता पैसा वाया नाही. रुग्णाचे पहिले मोलाचे दिवस जातात.

औषध बनवणाऱ्यांनी यातून वेगळा धडा घेतला. सर्वांत घट्ट पकडीचे प्रतिपिंड शोधण्यापेक्षा, जी जागा बदलणे विषाणूला परवडत नाही तिथे बसणारे शोधावे. २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्या रुग्णांच्या रक्तातली काही प्रतिपिंडे अशी निघाली. त्यांतले एक, सोट्रोव्हिमॅब, पहिल्या ओमायक्रॉनपुढे टिकले आणि पुढच्या उपप्रकारापुढे हरले. दुसऱ्याला यीस्टच्या पद्धतीने धार लावून ॲडिन्ट्रेव्हिमॅब तयार झाले. तेही पुढे दुबळे पडले. मग त्यातले मोजके मणी पुन्हा बदलून पेमिव्हिबार्ट हे नवे रूप आले आणि मार्च २०२४ मध्ये प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला आणीबाणीची परवानगी मिळाली. पूर्वी औषध हरले की पाटी कोरी करून सुरुवात करावी लागे. आता निदान दुरुस्तीचा मार्ग आहे.

रेबीजचा तक्ताही आता तयार आहे. ब्लूम यांच्याच प्रयोगशाळेने २०२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. रेबीजच्या विषाणूच्या अंगावर एकच प्रथिन असते आणि सगळी प्रतिपिंडे त्यालाच पकडतात. जिवंत रेबीज हाताळण्याचा धोका नको म्हणून संशोधकांनी ते प्रथिन एका निरुपद्रवी, वाढ न होणाऱ्या विषाणूच्या अंगावर चढवले, त्यातले जवळजवळ सगळे बदल करून पाहिले आणि आठ प्रतिपिंडे त्यांवर तपासली. त्यांत वापरात असलेली आणि चाचण्यांत असलेली, दोन्ही प्रकारची होती. निष्कर्ष सावध करणारा आहे. बहुतेक प्रतिपिंडांना चुकवणारे एकापेक्षा अधिक बदल आहेत, आणि त्यांतले काही निसर्गात सापडलेल्या रेबीजच्या विषाणूंत आधीपासून आहेत.

याचा अर्थ दवाखान्यातले औषध घेऊ नये असा कोणीही काढू नये. जखमेत भरलेले प्रतिपिंड आणि लस मिळून जीव वाचवतात, हा अनुभव पक्का आहे. अर्थ एवढाच की एकाच प्रतिपिंडावर भिस्त ठेवण्यापेक्षा एकमेकांच्या उणिवा भरून काढणारी जोडी निवडणे शहाणपणाचे, आणि ती जोडी आता तक्ता पाहून निवडता येते. त्यासाठी आपल्या बाजूनेही काही करावे लागेल. आपल्या गावांतल्या कुत्र्यांत कोणत्या रूपाचा विषाणू फिरतो आहे, हे ठाऊक असल्याशिवाय सिएटलचा तक्ता इथे अर्धाच वाचता येतो. मेलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासणीला पाठवणे हे आपल्याकडे कोणाचेच काम नसते. ते कोणाचे तरी असायला हवे.

आता पकडीबद्दल. वाचकांना वाटेल, जितकी घट्ट तितके औषध चांगले. हा समज शास्त्रज्ञांचाही होता आणि तो तान्ह्या मुलांच्या एका औषधाने मोडला. आरएसव्ही नावाचा विषाणू लहान बाळांना दमासारखी धाप लावतो. त्याविरुद्ध पालिव्हिझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ पासून आहे. दर महिन्याला टोचावे लागते आणि महाग आहे. मेडइम्यून कंपनीने त्याच्या वळशांतला एकेक मणी बदलून पाहिला, चांगले बदल एकत्र केले, आणि पकड कितीतरी पटींनी वाढवली. प्राण्यांत दिले तर औषध फुप्फुसात पोचतच नव्हते. घट्ट पकडीच्या नादात ते इतके चिकट झाले होते की शरीरातल्या इतर ऊतींनाच चिकटून बसत होते. तीन मणी मागे घ्यावे लागले, तेव्हा मोटाव्हिझुमॅब तयार झाले. पुढे मुलांवरच्या चाचणीत ते जुन्यापेक्षा निर्विवाद सरस ठरले नाही, त्वचेवर ॲलर्जी मात्र अधिक दिसली, आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने त्याला नकार दिला.

सुधारणा झाली ती बेचकीच्या मुठीत. शरीर जुनी प्रतिपिंडे पेशीत ओढून मोडून टाकते. पण पेशीच्या आतल्या आंबट कप्प्यात मूठ एका ग्राहकाला धरू शकली, तर प्रतिपिंड वाचते आणि पुन्हा रक्तात सोडले जाते. मुठीत असंख्य यादृच्छिक बदल करून, छाननी करून, संशोधकांनी आंबट कप्प्यात अधिक घट्ट धरणारी रूपे शोधली. इथेही तोच धडा: काही रूपे रक्तातसुद्धा ग्राहकाला सोडेनात, आणि उंदरांत ती उलट लवकर नाहीशी झाली. आत धरायचे आणि बाहेर सोडायचे, अशी दोन मापे एकदम लागू करावी लागली. त्यातून २५२, २५४ आणि २५६ या तीन जागांचे बदल पक्के झाले. हेच तीन बदल असलेले निर्सेव्हिमॅब २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. साधे प्रतिपिंड रक्तात तीन आठवड्यांत निम्मे होते. याला सुमारे ७० दिवस लागतात. दर महिन्याच्या सुईऐवजी हंगामाला एक सुई. ज्या आईला बाळ घेऊन दर महिन्याला एसटीने तालुक्याला यावे लागते, तिला या फरकाचे मोल कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून आता पकडीबरोबर आणखी डझनभर गोष्टी मोजल्या जातात. प्रतिपिंड गरम झाले की उलगडते का, बाटलीत गुठळ्या होतात का, नको तिथे चिकटते का. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी वापरात किंवा चाचण्यांत असलेली १३७ प्रतिपिंडे अशा बारा कसोट्यांना लावली. मंजूर झालेल्या औषधांत दोष कमी निघाले. ऐकायला ही सरळच गोष्ट आहे, पण त्यापूर्वी हे आकडे एका जागी कोणी मांडले नव्हते. आपल्याकडे, जिथे औषधाची पेटी उन्हाळ्यात शीतपेटीविना तालुक्यापर्यंत येण्याची भीती असते, तिथे उष्णतेत टिकणारे प्रतिपिंड हे घट्ट पकडीच्या प्रतिपिंडाइतकेच महत्त्वाचे ठरेल.

संगणक यात कुठे बसतो, असा प्रश्न हल्ली सगळीकडे विचारला जातो. स्टॅनफर्डच्या ब्रायन हाय, पीटर किम आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले की निसर्गातली कोट्यवधी प्रथिने वाचून तयार झालेली संगणकीय प्रणाली चांगले बदल सुचवू शकते. सात प्रतिपिंडांसाठी प्रत्येकी वीस किंवा त्याहून कमी रूपे, दोन फेऱ्यांत, तपासून त्यांनी पकड वाढवली; आधीच धारदार असलेल्यांची सात पटींपर्यंत, कच्च्यांची १६० पटींपर्यंत. हजारोंच्या जागी वीस! पण ती वीसही शेवटी नळीत घालून मोजावीच लागली.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना या सगळ्यात ज्याची सर्वांत जास्त वाट पाहावी लागणार आहे, ते औषध सापाच्या विषावरचे. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. त्यावरचे औषध आजही घोड्याच्या रक्तातूनच येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने एक मानवी प्रतिपिंड जाहीर केले. पाच हजार कोटींहून अधिक प्रतिपिंडांच्या संग्रहातून आधी सुमारे ३,८०० उरली, मग एकाहून अधिक विषांना ओळखणारी ३०, आणि शेवटी एक. मण्यारीच्या आणि नागाच्या काही जाती, आफ्रिकेतला ब्लॅक मांबा, यांच्या विषातला स्नायू लुळे पाडणारा घटक ते पकडते. उंदीर नुसते वाचले नाहीत, लुळेही पडले नाहीत. माणसांवर चाचणी अजून व्हायची आहे.

हे प्रतिपिंड विषातल्या एकाच कुळाच्या घटकाला ओळखते. शेतात पाय पडताच चावणारी घोणस आणि कोकणातले फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, किडनी निकामी करते. त्यात निरनिराळ्या विकरांची मोठी गर्दी असते आणि त्यांच्यापुढे या प्रतिपिंडाचे काही चालत नाही. घोणशीसाठी एक नव्हे, अनेक प्रतिपिंडे लागतील, आणि प्रत्येकाची चाळणी वेगळी लावावी लागेल.